सतरावं नाव

खडकी बाजारात दिग्विजयशेठ कासारांचं भांड्यांचं दुकान कुठे आहे असं विचारलंत, तर माणूस उलट तुम्हालाच विचारील, "प्रेमलाबाई बसतात ते ना?" दुकान तीन पिढ्यांचं, पाटी हातभर मोठी, पण ओळख बाईंची. उंबऱ्याच्या उजव्या अंगाला एक पाट, पाटावर उशी आणि उशीवर प्रेमलाबाई भालेराव. वय वर्षं सत्तर, डोळ्यांना जाड चष्मा, हातात भांड्यावर नाव घालायचं मशीन. मशीन सुरू झालं की दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखा आवाज होतो आणि गिऱ्हाइकं आपोआप गप्प बसतात. बाईंना ते फार सोयीचं पडतं, कारण बोलायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलेलं आहे.

पूर्वी छिन्नी-हातोडी होती. ठिपक्याला ठिपका जोडत बाईंनी खडकीतल्या निम्म्या संसारांवर नावं घातली. अक्षर आजही बघत राहावं असं. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला तेव्हा प्रेमला वर्षाची होती. ती पाच वर्षांची झाल्याबरोबर त्यांनी पाटी आणून दिली आणि घरात जाहीर केलं, की हिचं अक्षर वाईट आलं तर जेवण मिळणार नाही. कुणाला मिळणार नाही ते सांगितलं नव्हतं, म्हणून सगळं घर तिच्या मागे लागलं.

नावाच्या बाबतीत बाई कुणाची गय करत नाहीत. मध्यंतरी एक जावईबापू सासूच्या साठीसाठी पितळी परात घेऊन पुढे आले.

"नाव?"

"जाधव."

"जाधव खडकीत दोनशे आहेत. बाईंचं नाव सांगा."

जावईबापू पंख्याकडे बघायला लागले. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

"बाहेर जाऊन बायकोला फोन करा," बाई म्हणाल्या, "आणि हळू आवाजात विचारा. बाजार भरलाय."

अशा या बाईंच्या हातून आयुष्यात एकदा एक नाव विचारायचं राहून गेलं. त्याची ही हकिकत.

पंचाहत्तर सालच्या सप्टेंबरात प्रेमला वीस वर्षांची होती आणि लग्नाला वर्ष झालं होतं. नवरा कचरू दारूगोळा कारखान्यात कामाला. बहिणीच्या बाळंतपणासाठी ती पॅसेंजर गाडीने एकटी निघाली होती. सोबत एक वळकटी, भाकरीचं गाठोडं आणि पाण्याने भरलेला पितळी तांब्या. त्यावर कचरूने हौसेनं नाव घालून घेतलं होतं: प्रेमला कचरू भालेराव, खडकी. शेजारी तिच्याच वयाची एक बाई येऊन बसली आणि दोघींच्या गप्पा जुळल्या.

आता दोन बायका गाडीत शेजारी बसल्या की काय विचारतात? माहेर कुठलं, सासर कुठलं, मुलंबाळं किती, सासू कशी. नाव कोण विचारतं? 'अहो बाई' म्हणत दोन तास सहज निघतात. तसेच निघाले. ती बाई माहेरी निघाली होती. तिचे वडील आठवडी बाजारांत बांगड्या भरत. घराच्या भिंतीला लागून मारुतीचं देऊळ होतं. परसात काशी नावाची पांढऱ्या कपाळाची म्हैस होती आणि ती व्यायला झाली होती. धाकटा भाऊ गणितात नापास झाला, त्याने प्रगतिपुस्तक वैरणीत लपवलं आणि काशीने ते निम्मं खाल्लं. हे सांगताना ती बाई इतकी हसली की समोरच्या बाकावरचे आजोबाही कारण न कळता हसायला लागले.

दुपारी चारच्या सुमाराला दोघींनी भाकऱ्या सोडल्या. खाऊन झाल्यावर ती बाई म्हणाली, "तुमचा तांब्या देता का? दाराशी जाऊन हात धुऊन येते." प्रेमलाने दिला. गाडी तेव्हा पिंपळखोरे गावाजवळ आसणी नदीच्या पुलावर होती आणि नदीला पूर होता. मधला एक खांब खचला. पुढचे डबे पार झाले, मागचे दोन पाण्यात गेले आणि प्रेमलाचा डबा दोन्हींच्या मध्ये तिरका लोंबकळत राहिला. पलीकडच्या काठावरच्या लोकांनी पागोटी आणि लुगडी एकमेकांना बांधून तिला वर ओढलं. तिथून ट्रकने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. पाय मोडला होता. तो जुळला, पण दोन बोटं आखूड जुळला, आणि मग उभ्याची कामं जमेनात म्हणून दिग्विजयशेठच्या वडिलांनी हे बसकामाचं कसब शिकवलं.

ही पुलाची गोष्ट बाईंनी पन्नास वर्षांत हजारदा सांगितली असेल. आणि ऐकणारा घाबरलेला दिसला की शेवट ठरलेला असायचा, "एवढं सगळं झालं आणि माझा तांब्या घेऊन ती बाई पसार." ती वाचली याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. दाराशीच तर उभी होती. पहिली उडी तिनेच मारली असणार, आणि आता कुठेतरी नातवंडांना आपल्या तांब्यातून पाणी देत असणार असं त्या धरून चालल्या होत्या.

गेल्या ऑगस्टात नात चैताली खराडीच्या ऑफिसमधून सरळ दुकानावर आली. तिच्या टीममध्ये योगेश नावाचा मुलगा नवीन आला होता, तो नेमका पिंपळखोऱ्याचा. तिने आजीची गोष्ट सांगितली आणि त्याने गावातल्या स्मारकाच्या दगडाचा फोटो पाठवला.

"आजी, तू शांतपणे बघ हं. लिटरली शांतपणे. यात तुझं नाव आहे."

"अक्षर कसं आहे?"

अक्षर बरं होतं. अपघातात गेलेल्या सतरा जणांची नावं एकाखाली एक कोरलेली होती, आणि सतरावं होतं: प्रेमला कचरू भालेराव, खडकी.

बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि त्यांना हसू फुटलं. दिग्विजयशेठ गल्ल्यावरून उठून आले, शेजारचा चहावाला आला, सगळ्यांनी तो फोटो मोठा करून करून पाहिला. "पन्नास वर्षं मी मेलेली आहे," बाई म्हणाल्या, "आणि घरात धुणंभांडी करतेच आहे. कुणीतरी सांगायचं की." त्यातच चैतालीने पुढची माहिती दिली. मेलेली माणसं परगावची, त्यांचं तिथे कुणी नाही, म्हणून पिंपळखोऱ्याने एकेक नाव एकेका घराला वाटून दिलं होतं. दर वर्षी त्या तारखेला त्या घरात त्या नावाचं पान वाढलं जायचं. प्रेमलाचं पान योगेशच्या आजीकडे, वेणूबाईंकडे होतं. "तरीच," बाई म्हणाल्या, "सप्टेंबरात माझं पोट भरल्यासारखं असतं."

आणि मग हसता हसता त्या थांबल्या. सतरा नावं म्हणजे सतरा देह. आपण इथे बसलोय, तर आपल्या नावाने कुणाला अग्नी दिला? मग त्यांना आपलं नाव घातलेला तांब्या आठवला, आणि तो घेऊन दाराकडे जाणारी ती पाठ आठवली. त्यांनी मशीन बंद केलं, पदर डोळ्यांना लावला आणि भर बाजारात रडल्या. ज्या बाईला त्या पन्नास वर्षं तांब्याचोर म्हणून हसत होत्या, ती त्याच दुपारी गेली होती.

घरी कचरूआजोबांना सांगितलं तेव्हा ते पेपरच्या मागे होते. वय शहात्तर, बोलणं मोजकं, तेही शक्यतो टोचणारं. पेपर खाली आला.

"कार्ड आलं होतं."

"कसलं कार्ड?"

"पिंपळखोऱ्याच्या सरपंचाचं. तुमच्या पत्नीचे अंत्यसंस्कार गावाने केले, तांब्या जपून ठेवला आहे, घेऊन जावा. तू समोर पायाला प्लॅस्टर घालून चहा पीत होतीस. तांब्यासाठी कुठं जाऊ?"

"अहो, पण उलट कळवायचं तरी. ती मी नव्हे म्हणून."

"वाटलं, कळवलं की तुझ्या कानावर येईल. जिवंत बाईला कशाला दाखवायचं ते." मग जरा थांबून म्हणाले, "चूक झाली, प्रेमला." पन्नास वर्षांच्या संसारात हे वाक्य बाईंनी पहिल्यांदा ऐकलं. एरवी त्यांनी ते महिनाभर पुरवून वापरलं असतं, पण त्या दिवशी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी योगेशचा फोन आला. प्रेमलाबाई जिवंत आहेत ही बातमी ऐकून गाव हरखलं होतं. पन्नासाव्या वर्षानिमित्त नवा दगड बसणार होता आणि आठवड्याने पाथरवट नावं कोरायला येणार होता. "तुमचं नाव आम्ही काढतोय, आजी. त्या जागी 'अनोळखी महिला' असं टाकू."

"अनोळखी कशी?" बाईंचा आवाज चढला. "मी ओळखते तिला."

"बरं, मग नाव सांगा."

म्हशीचं नाव येत होतं. म्हशीच्या कपाळाचा रंग सांगता येत होता. त्या बाईची सासू जेवताना कशी फुरके मारते तेही त्या करून दाखवू शकल्या असत्या. नाव तेवढं नव्हतं. गावही आठवेना, पन्नास वर्षांत ते घरंगळून कुठे गेलं कोण जाणे. जगातल्या जावयांना पंख्याकडे बघायला लावणारी बाई स्वतः पंख्याकडे बघत बसली, आणि हातात आठ दिवस होते.

मदतीला आले दिग्विजयशेठ. "बांगड्या भरणारे म्हणजे आमच्याच कासारांतले," ते म्हणाले. "आमच्यात दोन माणसं भेटली की तिसऱ्या मिनिटाला सोयरीक निघते. तुम्ही सांगा, मी ग्रुपवर टाकतो." समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाचशे माणसं होती. बाईंनी सांगितलं तसं शेठनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं: '१९७५ साली बांगड्यांचा व्यवसाय. घरालगत मारुती मंदिर. परसात पांढऱ्या कपाळाची काशी नावाची म्हैस. मुलगा गणितात नापास, प्रगतिपुस्तक म्हशीने खाल्ले. अशा घरातील मुलगी हवी आहे. त्वरित संपर्क.'

व्हायचं ते झालं. संध्याकाळपर्यंत अकरा मुलींची माहिती फोटोसकट आली. एकाने म्हटलं, मुलगी आहे पण म्हैस नाही, चालेल का? एकाने विचारलं, शेठ, या वयात? चैतालीने डोक्याला हात लावला आणि मजकूर नीट लिहून पुन्हा टाकला. पुढचे तीन दिवस सुप्रभात आणि फुलांचे गुच्छ सोडून काही आलं नाही. कचरूआजोबा रोज दुपारी डबा घेऊन दुकानावर येत, आणि एरवी डबा ठेवून जाणारा हा माणूस आता तासभर तिथेच बसे. "आलं का काही?" एवढंच विचारत.

चौथ्या दिवशी दुकानातला फोन वाजला. शेठनी उचलला, ऐकलं आणि बाईंच्या हातात दिला.

"नमस्कार," पलीकडून एक जाड आवाज आला. "मी बाबुराव रासने बोलतोय, बिबवेवाडीतून. गणितात नापास झालेला मीच."

बाई उशीवरून उठायला गेल्या आणि परत बसल्या. पुण्यातच होती ती माणसं, खडकीपासून दोन बसच्या अंतरावर.

"प्रगतिपुस्तक..." बाई म्हणाल्या.

"निम्मं खाल्लं. ज्या बाजूला चित्रकलेचे चांगले मार्क होते ती बाजू. पण बाई, ही गोष्ट घराबाहेर कुणालाच माहीत नव्हती. तुम्हाला कुणी सांगितली?"

"तुमच्या बहिणीनं. काय हो नाव त्यांचं?"

बाबुराव म्हणाले, "गजरा." त्यांनी ते असं उच्चारलं की तोंडाला सवय राहिलेली नाही हे बाईंना कळलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. गजरा सासरी न सांगता निघाली होती. सासरच्यांनी उठवलं, की ती कुणाबरोबर तरी पळाली. अपघाताचं कळल्यावर वडील पायपीट करत पिंपळखोऱ्याला गेले होते. तोवर अंत्यसंस्कार उरकले होते. यादीत सतरा देह, सतरा नावं, एकही बेवारस नाही, आणि त्यात गजरा नाही. वडील परत आले आणि सासरचे म्हणतात तेच खरं मानून बसले. त्यानंतर घरात तिचं नाव घ्यायला बंदी झाली. भिंतीवरचा फोटो उतरला. वडील तसेच गेले. आई एकोणनव्वद वर्षांची आहे, कुणाशी या विषयावर बोलत नाही.

बाईंना त्या तांब्यावर घातलेलं आपलं नाव त्या क्षणी नकोसं झालं. पण त्या रडत बसल्या नाहीत. "बाबुराव," त्या म्हणाल्या, "ती एकटी निघाली होती आणि माहेरीच निघाली होती. दोन तास तुमच्याशिवाय दुसरं काही बोलली नाही. मी कोर्टात सांगेन हे." पलीकडे तो चौसष्ट वर्षांचा माणूस हुंदके देत होता, आणि मध्येच हसतही होता. फोन ठेवल्यावर बाईंनी शेठच्या बिलाच्या कागदाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, चैतालीकडून फोटो काढवून घेतला आणि योगेशला पाठवला. कचरूआजोबांनी त्या दिवशी सगळ्या दुकानाला चहा पाजला, आणि चहावाला म्हणाला की हे तो पेपरात देणार आहे.

अठरा सप्टेंबरला सगळे एका गाडीने पिंपळखोऱ्याला गेले. भालेराव, दिग्विजयशेठ, आणि बिबवेवाडीहून बाबुराव. आईला आणता आलं नव्हतं, तिला बसवत नाही. गावाने वेशीवर हलगी लावली होती. मेलेलं माणूस जेवायला येणार ही काही रोजची गोष्ट नव्हे, त्यामुळे आसपासच्या चार गावांतली माणसंही आली होती. पोरं प्रेमलाबाईंना हात लावून बघत होती.

वेणूबाई दारातच उभ्या होत्या. पंच्याऐंशी वर्षांची काटक म्हातारी. त्यांनी प्रेमलाबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पन्नास वर्सं तुझ्या नावानं पान वाढतीय मी," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं लेक हाय माझी, बारीक, इवलीशी. तू तर चांगली जाडजूड हायस की."

"तुमच्याच हातचं खाऊन," प्रेमलाबाई म्हणाल्या. आणि दोघी गळ्यात पडून हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. वेणूबाईंना एकच काळजी होती. लेक जिवंत निघाली, मग आता पान कुणाचं वाढायचं? प्रेमलाबाईंनी बाबुरावांना पुढे केलं आणि गजराचं नाव सांगितलं. म्हातारीने ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "म्हंजे मी जेवू घालत व्हते ती हीच की," ती म्हणाली. "नाव चुकलं आसंल, जेवान न्हाई चुकलं." आत जाऊन तिने चिंचेने लखलखीत घासलेला तांब्या आणला आणि बाबुरावांच्या हातात दिला. प्रेमलाबाईंनी मागितला नाही. शेवटी तो गजराच्या हातात होता.

नवा दगड पुलाच्या अलीकडे, बाभळीखाली बसवला होता. बाबुराव त्याच्यासमोर उभे राहिले आणि सतरावं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं. मग आणखी मोठ्याने वाचलं. मग फोन काढून एकेका नातेवाइकाला लावत सुटले, मावशीला, चुलतभावांना, सोलापूरच्या आत्तेबहिणीला, आणि प्रत्येकाला तेच सांगत होते, "गजरा सापडली. घरी येत होती ती. घरी." नदीपलीकडे ऐकू जाईल एवढा आवाज होता. कुणी त्यांना हळू बोला म्हटलं नाही.

पानं मांडली होती. वेणूबाई भात वाढायला घेऊन उभ्या होत्या तेव्हा बाबुराव फोन घेऊन प्रेमलाबाईंकडे आले. "आई आहे," ते म्हणाले. "माझ्याशी काही बोलेना. तुम्हाला द्या म्हणते."

प्रेमलाबाईंनी फोन कानाला लावला. एक थकलेला, बारीक आवाज आला.

"बाई, एकच विचारते. खरं सांगा. ती गाडीत एकटी होती का?"

हा प्रश्न त्या म्हातारीने पन्नास वर्षं कुणाला विचारला नव्हता, आणि त्याला घाबरूनच ती दिवस काढत आली होती, हे प्रेमलाबाईंना न सांगता समजलं.

"एकटी कशी असेल, आई," त्या म्हणाल्या. "मी होते ना शेजारी."

पलीकडे म्हातारीने नाक ओढलं आणि विचारलं, "जेवलीस का गं?"

"बसतेच आहे," प्रेमलाबाई म्हणाल्या आणि पानावर बसल्या.